उद्योगाचे प्रश्न : हळदीची वाफ, तुटलेला धागा आणि अनुदानाचा अर्ज

गेल्या महिन्यातल्या पत्रांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले, तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द. अनुदान. कुणाला शेडसाठी हवं, कुणाला यंत्रासाठी, कुणाला डोक्यातली कल्पना एकदा करून बघण्यासाठी. आपल्याकडे ठिबकला मिळतं ते अनुदान, शाळेला मिळतं तेही अनुदान आणि आजवर कुणी न केलेलं यंत्र घडवून बघायला सरकार देतं तेही अनुदानच. शब्द एक असल्यामुळे माणसं भलत्याच दारात रांग लावतात आणि वर्ष घालवून बसतात. मी भोसरीत तीस वर्षं गाळा चालवला, एकदा सरकारी पैशावर नवं यंत्र घडवलं आणि नंतर काही वर्षं असे अर्ज तपासणाऱ्या समितीत बसले. त्या अनुभवावरून लिहिते आहे. पत्रं लांब होती, मी ती थोडक्यात दिली आहेत.

तासगाव तालुक्यातून एक वाचक : ताई, माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. हळद शिजवायचं यंत्र बनवलं आहे. काहिलीत शिजवताना खालची हळद जास्त शिजते, वरची कच्ची राहते. माझ्या यंत्रात हळद जाळीच्या पट्ट्यावरून पुढे सरकते आणि तीच वाफ दोनदा वापरली जाते. दोन हंगाम गावात चालवलं, लोक खूश आहेत. आता सरकारकडून २५ लाख हवेत : नवं शेड, प्लाझ्मा कटिंगचं यंत्र आणि दहा यंत्रांचा माल. एक जण म्हणतो, दहा टक्के द्या, फाईल मी करतो. देऊ का?

देऊ नका. पहिल्या भेटीतच ज्याने टक्केवारी सांगितली, त्याला तुमच्या वाफेतलं काही कळत नाही, आणि अर्जात सगळं काही त्या वाफेवरच आहे. समितीत असताना एकदा माझ्यासमोर तीन वेगळ्या जिल्ह्यांतले तीन अर्ज आले. तिन्हींत एक परिच्छेद शब्दशः सारखा. एक अर्ज दातांच्या उपकरणाचा होता, पण मध्येच सौर वाळवणी यंत्राचं नाव तसंच राहून गेलं होतं. तिन्ही अर्ज बाजूला पडले. त्यातला एक तरी माणूस खरोखर काही चांगलं करत असणार, हे मला आजही टोचतं. उद्यम नोंदणीला, म्हणजे लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीला, एक रुपया लागत नाही, योजनांचे अर्ज संकेतस्थळावर फुकट भरता येतात. अडलं तर सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसा. दोन खेपा होतील, पण पैसे वाचतील.

आता तुमच्या २५ लाखांकडे बघू. शेड आणि प्लाझ्मा कटर ही मालमत्ता आहे. त्यासाठी बँकेचं कर्ज हाच रस्ता. तारण नसेल तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पतहमी निधीचं, म्हणजे सीजीटीएमएसईचं, कवच बँकेकडे मागा. त्याची मर्यादा २०२५ पासून १० कोटींपर्यंत गेली आहे, तुमची गरज त्यात सहज बसते. गावात लोक पीएमईजीपीचं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं, नाव सांगतील. ती योजना नवीन सुरू होणाऱ्या उद्योगासाठी आहे, तुमचं वर्कशॉप चालू आहे, तिथे वेळ घालवू नका. दहा यंत्रांचा माल म्हणजे खेळतं भांडवल. संशोधनाचा पैसा त्यासाठी कुणीच देत नाही आणि देऊही नये, असं माझं मत आहे.

मग उरलं काय? तुमच्या पत्रातले चार शब्द : वाफ दोनदा वापरली जाते. मला विचाराल तर तुमचा सगळा अर्ज या चार शब्दांचा आहे. कारण यात एक गोष्ट अजून कुणाला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. दुसऱ्यांदा आलेली वाफ पट्ट्याच्या टोकापर्यंत किती गरम राहते? तिथला जाड गड्डा आतपर्यंत शिजतो का? एक क्विंटल ओल्या हळदीला काहिलीत किती सरपण लागतं आणि तुमच्या यंत्रात किती? शिजवण्याची वेळ बदलली की कुरकुमीन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, किती उरतं? गावातले लोक खूश आहेत हे खरं असेल, पण समितीला किलो आणि अंश लागतात.

म्हणून पुढचा हंगाम मोजणीचा ठेवा. पट्ट्यावर चार ठिकाणी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, बसवा. सरपण तोलून घाला. प्रत्येक घाण्याची नोंद वहीत तारखेसह करा. कसबे डिग्रजचं हळद संशोधन केंद्र तुमच्यापासून फार लांब नाही, तिथल्या लोकांना नमुना दाखवा आणि चाचणीत सहभागी व्हाल का ते विचारा. त्यांचं एक पानी पत्र अर्जाला जोडलं तर दलालाच्या शंभर पानी फाईलपेक्षा त्याचं वजन जास्त. मग खर्चाचा अंदाज काढा : दोन नमुना यंत्रं, मोजणीची साधनं, प्रयोगशाळेची फी, एका हंगामाची मजुरी. आकडा २५ लाखांच्या खूप खाली येईल. तेवढ्यासाठी दारं आहेत. केंद्राच्या एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेत, ती मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, मान्यताप्राप्त यजमान संस्थेमार्फत एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मिळू शकतात. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची प्रिझम योजनाही एकट्यादुकट्या संशोधकासाठी आणि लहान उद्योगासाठी आहे.

एक काळजीची गोष्ट राहिली. तुम्ही यंत्र दोन हंगाम उघड्यावर चालवलं. पेटंटसाठी वस्तू नवी लागते. जे गावासमोर चाललं, ते कायद्याच्या नजरेत जगजाहीर झालं असं धरलं जाण्याची मोठी शक्यता आहे. चाचणीपुरती थोडी सवलत कायद्यात आहे, पण ती वर्षाच्या आतली आहे आणि तिच्या भरवशावर राहू नये. त्यामुळे यापुढे जी सुधारणा कराल, तिचा व्हिडिओ मोबाइलवर टाकण्याआधी, प्रदर्शनात लावण्याआधी, तात्पुरता पेटंट अर्ज टाका. व्यक्तीला आणि लघु उद्योगाला त्याची ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,००० पडतात. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, म्हणजे एक अख्खा हंगाम हाती येतो.

इचलकरंजीहून एक वडील : माझी वीस वर्षांची प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीची फर्म, आहे, २४ साधे माग. मुलगा इंजिनिअर. त्याने आडवा धागा तुटला की माग थांबवणारा सेन्सर केला आहे. त्याला स्टार्टअपची मान्यता हवी. सीए म्हणतात जुनी फर्मच कंपनी करून टाका. मुलगा नाही म्हणतो. कुणाचं बरोबर?

मुलाचं. प्रोप्रायटरीला स्टार्टअपची मान्यता मिळत नाही, आणि चालू धंदा मोडून किंवा नव्या नावाने उभा करून जी कंपनी होते तिलाही नाही. माग तुमच्या नावावर राहू द्या. मुलाने सेन्सरसाठी वेगळी प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, काढावी, तिचं काम, तिचा हिशोब, तिचं खातं वेगळं. तुमचे माग हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक. त्याने तुमच्याकडून चाचणीची सोय घेतली तर तसं साधं पत्र करून ठेवा. आपल्या घरांत बाप-लेकांत कागद करायची पद्धत नाही, पण इथे करा.

कंपनी आजच काढायची घाई मात्र करू नका. स्टार्टअप इंडियाची बीज निधी योजना २०२१ साली ९४५ कोटींची आली. तिच्यात नमुना सिद्ध करायला इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्रामार्फत, २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. अट अशी की अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणजे कंपनी नोंदवली त्या दिवशी घड्याळ सुरू झालं. पुष्कळ मुलं उत्साहात कंपनी काढतात, दोन वर्षं नमुन्यावर घालवतात आणि अर्जाला येतात तेव्हा दार बंद झालेलं असतं. आधी निधी-प्रयास बघा. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही योजना हाताने घडवायच्या वस्तूंसाठी आहे, १० लाखांपर्यंत, आणि तिला कंपनी लागत नाही. ही सगळी मदत एखाद्या इन्क्युबेटरमधून येते. मुंबईत आयआयटीचं साइन आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. कुठल्या केंद्राकडे कोणती योजना आत्ता उघडी आहे आणि पैसे शिल्लक आहेत का, हे अर्ज लिहायला बसण्याआधी फोन करून विचारा. एका फोनने महिना वाचतो.

आणि मुलाला रात्रपाळीला मागाशेजारी उभा करा. पत्रात त्याने टेबलावरच्या चाचणीचे आकडे दिलेत, ते सुंदर आहेत. पण शेडमध्ये कापसाचे बारीक तंतू उडतात, ते सेन्सरच्या डोळ्यावर बसतात. धोट्याच्या आपटण्याने सगळा माग हादरतो. कांडी बदलणारा कामगार किती वेळा पुसेल? किती तासांनी तो सेन्सर खोटं बोलायला लागतो, हा आकडा अर्जाच्या पहिल्या पानावर हवा. वाईट आला तरी हवा. तो सुधारायलाच तर पैसे मागतोय.

वेंगुर्ल्याहून एक ताई : काजूच्या बोंडाचा रस काढायला पल्पर घ्यायचा आहे. नावीन्याचं अनुदान मिळेल का?

पल्पर बाजारात तयार मिळतो, म्हणून नाही. पण त्यात कमीपणा काहीच नाही, तुमच्यासाठी दुसरी, सोपी वाट आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली आलेल्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अशी मदत बँक कर्जाला जोडून मिळते. आत्ता नवे अर्ज घेतायत का, हे जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात विचारा. कोकणात बोंडं झाडाखाली कुजून जातात, ते बघून माझा जीव हळहळतो. तुरटपणा काढून रस प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकवायची रीत तुम्हाला बसवायची असेल, तर तो संशोधनाचा प्रश्न झाला. तुमच्याच गावात कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. आधी तिथे जा.

नाशिक, अंबड इथून एक वाचक : अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं. मी लगेच माल मागवला, दोन माणसं ठेवली. पाच महिने झाले, हप्ता नाही. आधी केलेला खर्च ते धरतील का?

भाऊ, तुमचं पत्र वाचून मला २०११ आठवलं. मलाही असंच पत्र आलं होतं आणि मीही त्याच दिवशी प्रेशर सेन्सरची ऑर्डर दिली होती. पहिला हप्ता सात महिन्यांनी आला. कार्यालयातल्या माणसांनी वाईट वागवलं नाही, फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला तेवढे दिवस लागले. त्या सात महिन्यांत गाळा तरला तो प्रेस टूलच्या जॉबवर्कवर. दिवाळीचा बोनस द्यायचा होता, तेव्हा गिऱ्हाइकाकडे अडकलेलं एक बिल कमी पैशात सोडवून आणलं. तेव्हापासून ज्याला त्याला सांगते : मंजुरीचं पत्र म्हणजे पैसे नव्हेत. करारावर सही झाली, स्वतंत्र खातं उघडलं आणि त्या खात्यात रक्कम दिसली की मग ऑर्डर.

तुमच्या खर्चाबद्दल : बहुतेक योजनांत कराराच्या तारखेआधीचा खर्च धरत नाहीत. तुमचा करार काढून तारीख बघा. जे आधी झालं ते स्वतःचा वाटा म्हणून दाखवता येईल का, हे लेखी विचारा, तोंडी उत्तरावर थांबू नका. करारानंतरच्या प्रत्येक वस्तूची कोटेशनं, जीएसटीचं बिल आणि बँकेतून दिलेल्या पैशाची नोंद एकाच फाईलला. रोखीने काही घेऊ नका, दोनशे रुपयांचा स्क्रूसुद्धा. अनुदानाची रक्कम उत्पन्नात धरायची की यंत्राच्या किमतीतून वजा करायची, हे सीएला मार्चच्या आधी विचारून घ्या. हा प्रश्न न विचारल्यामुळे मी पाहिलेल्या दोन उद्योजकांना वर्षाअखेरीस कर भरायला कर्ज काढावं लागलं.

काही मदत तर मुळात आधी खर्च करा, मग परत देऊ, अशीच असते. झेड प्रमाणपत्राच्या, म्हणजे दोषमुक्त उत्पादनासाठीच्या सरकारी प्रमाणपत्राच्या, फीवर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सूट आहे, महिलांच्या उद्योगाला ते पूर्ण मोफत आहे, तिथे खिशाला फारसं जड जात नाही. पण पेटंटचा खर्च तुम्ही आधी करता आणि परतावा मागाहून येतो. तेवढा दम स्वतःच्या खिशात आहे का हे आधी बघायचं. आणि दोन माणसं ठेवलीत, त्यांना प्रोजेक्टवर बसवून ठेवू नका. हप्ता येईपर्यंत जॉबवर्कला लावा.

नांदेडहून एक विद्यार्थी : अमेरिकेत सरकार लहान कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देतं असं वाचलं. आपण मागे का?

अमेरिकेत १९८२ साली कायदा झाला. ज्या सरकारी खात्याचा बाहेर करून घ्यायच्या संशोधनाचा खर्च १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्याने त्यातला ठरावीक भाग लहान कंपन्यांसाठी राखून ठेवायचा. पुढे वाढत तो ३.२ टक्क्यांवर गेला. पहिल्या टप्प्यात थोडे पैसे आणि कल्पना जमते का एवढीच परीक्षा, दुसऱ्या टप्प्यात मोठी रक्कम आणि तिसऱ्यात अनुदान नाही, तिथे सरकार किंवा बाजार गिऱ्हाईक म्हणून येतो. क्वालकॉमला अगदी लहान असताना या योजनेचा आधार मिळाला होता. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये एसबीआयआरआय नावाने याच धर्तीवर सुरुवात केली. २०१२ मध्ये याच विभागाची बायरॅक ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिच्या बिग योजनेत १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतात, आणि औषध, निदान, शेती यांतल्या कितीतरी मुलामुलींनी त्यावर पहिली प्रयोगशाळा मांडली.

म्हणजे पहिला टप्पा आपल्याकडे आहे. मला उणीव दिसते ती तिसऱ्या टप्प्याची. नमुना चालला, अहवाल गेला, आणि मग पहिलं यंत्र विकत घेणारं कुणी नाही. २०१२ च्या धोरणाने केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी खरेदीतला हिस्सा सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा ठरलं, आज तो २५ टक्के आहे. पण निविदेत खुर्च्या आणि बोल्ट असतात, नवं यंत्र नसतं. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटी स्टार्टअप सप्ताहातल्या विजेत्यांना सरकारी खात्यांत काम करून दाखवायला कार्यादेश देते. मला हा मार्ग अनुदानापेक्षाही मोलाचा वाटतो, कारण त्यात खरं इस्पितळ, खरी नगरपालिका यंत्र वापरून बघते. हे प्रत्येक जिल्हा परिषदेने करावं, असं मी समितीतही म्हणत होते आणि आजही म्हणते.

संगमनेरहून एक मुलगी : ताई, मला तू म्हणा, मी २७ वर्षांची आहे. गाईला कासदाह, म्हणजे कास सुजण्याचा आजार, झाला आहे का, हे दुधाच्या विद्युतवाहकतेवरून आधीच सांगणारं उपकरण करायला मला १० लाखांचं अनुदान मिळालं. संकरित होल्स्टिनवर छान चाललं. गीर गाई आणि म्हशींवर पार चुकलं, निरोगी जनावर आजारी दाखवतं. ४ लाख उरलेत, तीन महिने उरलेत. एक जण सल्ला देतात, अहवालात फक्त होल्स्टिनचे आकडे घाल. पैसे परत मागतील का? झोप लागत नाही.

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी पैशाचं सांगते, म्हणजे झोप लागेल. हे पैसे शोधासाठी दिलेले आहेत. ठरलेल्या कामावर, ठरलेल्या शीर्षांखाली, बिलांसह खर्च केलेस आणि उत्तर नाही असं आलं, तर नाही हेही उत्तर आहे. ते पैसे कुणी परत मागत नाही. परत करायचं असतं ते न वापरलेलं, आणि खात्यात त्यावर मिळालेलं व्याज. सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र त्यासाठीच असतं. एका शीर्षाखालचे पैसे दुसरीकडे वळवायचे असतील, समज साधनांऐवजी चाचण्यांसाठी, तर आधी लेखी परवानगी. अनुदानातून घेतलेली साधनं परवानगीशिवाय विकायची नाहीत. एवढं पाळलंस की त्या बाजूने निर्धास्त राहा. पैसे परत मागायची वेळ येते ती माहिती लपवली किंवा भलतीकडे खर्च केला तेव्हा. तुला दिलेला सल्ला नेमका तिकडे नेणारा आहे.

आता माझं ऐक. माझं यंत्र ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमधली गळती शोधायचं होतं. भागात हवा भरायची, तोंड बंद करायचं आणि दाब उतरतो का बघायचं. गाळ्यात महिनाभर उत्तम चाललं. चाकणच्या एका कारखान्यात लावलं आणि तिसऱ्या दिवशी तिथल्या फोरमनचा फोन आला, ताई, तुमचं मशीन चांगल्या मालाला नापास करतंय. शंभरात बारा-पंधरा चांगले भाग बाद होत होते. मी दोन रात्री तिथे बसले. सील बदलले, व्हॉल्व्ह बदलला, काही फरक नाही. मलाही एकाने सांगितलं होतं, गाळ्यातले आकडे द्या आणि मोकळ्या व्हा.

मी अहवाल खरा लिहायला घेतला. कोणता भाग, किती वाजता, कुठून आलेला, नापास का. असं चाळीस भागांचं तक्त्यात मांडलं तेव्हा दिसलं की नापास झालेले जवळजवळ सगळे भाग वॉशिंग मशीनमधून नुकतेच आलेले होते. कोमट होते. आतली हवा थंड होत जायची, दाब उतरायचा आणि यंत्राला वाटायचं गळतंय. यंत्र खोटं बोलत नव्हतं, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होते. मग आम्ही शेजारी तसाच एक पक्का, न गळणारा भाग ठेवला, दोघांत एकदम हवा भरली आणि दाबातला फरक मोजला. दोघं सारखेच कोमट असले की थंड होण्याचा परिणाम एकमेकांत जिरतो. ही रीत जगात आधीपासून होती, मला ती तेव्हा माहीत नव्हती. तक्ता केला नसता तर कधी सापडली नसती.

तुझ्या पत्रातून मला असं दिसतं की तू सगळ्या जनावरांना एकच आकडा लावते आहेस. कासदाहात दुधातलं सोडियम आणि क्लोराइड वाढतं, म्हणून वाहकता वाढते, इथवर तुझं बरोबर आहे. पण निरोगी दुधाची वाहकताही जातीप्रमाणे, वेताप्रमाणे, दुधाच्या तापमानाप्रमाणे आणि स्निग्धांशाप्रमाणे बदलते. गीर आणि म्हशीला होल्स्टिनची पट्टी लावली तर चुकणारच. मात्र प्रत्येक जनावराकडे स्वतःचीच एक पट्टी असते. कासेचे चार भाग आहेत, आजार बहुतेक वेळा एखाद्या भागात सुरू होतो. चारही सडांचं दूध वेगळं मोज आणि त्या जनावराचे चार आकडे एकमेकांशी ताडून बघ. पशुवैद्यकात ही कल्पना ठाऊक आहे, तुझ्या तालुक्यातल्या डॉक्टरांशी बोल आणि प्रत्येक नमुन्याला सोबत सीएमटी, म्हणजे दुधात द्रावण टाकून कासदाह ओळखायची चाचणी, करून घे, म्हणजे तुझं उपकरण कुठे खरं आणि कुठे चुकलं हे ताडता येईल. चारही भाग एकदम आजारी असले तर ही रीत फसेल, तेही लिहून ठेव.

यासाठी तीन महिने पुरणार नाहीत. जादा पैसे न मागता मुदतवाढ मागता येते, पण तो अर्ज मुदत संपण्याच्या आत पोचायला लागतो आणि संबंधित समितीच्या बैठका दर महिन्याला होत नाहीत. पुढच्या पंधरवड्यात पाठव. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच लिही की गीर आणि म्हशीवर उपकरण चुकलं, किती जनावरांपैकी किती वेळा चुकलं, आणि आता काय वेगळं मोजणार आहेस. उरलेल्या ४ लाखांचं नवं अंदाजपत्रक जोड. तुझ्या नोंदींच्या वहीची पानं जोडायला विसरू नकोस, गोठ्यात लिहिली तशीच, शेणाच्या डागांसकट आणि खाडाखोडीसकट.